नागोराव महाराजांचा बर्फाचा डोंगर

माझं नाव नम्रता. आईवडिलांनी मोठ्या आशेनं ठेवलं, पण अंगी काही लागलं नाही. बिबवेवाडीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे. कुणी म्हणालं, ‘पोळी जरा जाड वाटते,’ की मी सांगते, ‘मग घरी लाटा.’ तरीही माणसं येतात, कारण पोळी जाड नसते. सांगायचा मुद्दा हा, की मी कुणालाही तोंडावर बोलू शकते. फक्त नागोराव आणि मुक्ताई या दोघांपुढे हल्ली माझं तोंड उघडत नाही.

हे नवरा-बायको आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे वाशीमकडचे, मूलबाळ नाही. नागोराव पुण्यात आले ते मंगल कार्यालयात आचारी म्हणून. हाताला चव अशी, की एका टूर कंपनीनं त्यांना उचललं. आपल्या लोकांचं तुम्हाला माहीतच आहे. जग बघायचं, पण रात्री वरणभात पाहिजे! आयफेल टॉवरखाली उभं राहून ‘संध्याकाळी पिठलं आहे ना?’ असं विचारणारी माणसं आपण. म्हणून युरोपला निघालेल्या प्रत्येक ग्रुपबरोबर कंपनी आपला स्वयंपाकी पाठवते. त्याला सगळे ‘महाराज’ म्हणतात. डाळी, मसाले, पापड, लोणची यांची खोकी आणि त्या खोक्यांबरोबर नागोराव महाराज, असा दर उन्हाळ्यात प्रवास.

परत आले की मुक्ताई त्यांना समोर बसवायची आणि सगळं वदवून घ्यायची. तो कलता मनोरा, ती फुलांची शेतं, ते पाण्यातलं शहर. त्यांच्या फोनवरचे फोटो डोळ्याजवळ नेऊन बघायची. मग दुपारी गच्चीवर आम्ही बायका पापड-कुरडया घालायला बसलो, की सगळं आम्हाला ऐकवायची. सगळ्यांत लाडका होता तो स्वित्झर्लंडमधला बर्फाचा डोंगर. “अव माय, काय सांगू ताई! तारेवरच्या पाळन्यात बसून वर जा लागते. वरतून पाह्यलं का खाली निळंशार तळं, तळ्याच्या काठानं लाल गाडी, अन् समोर बर्फाच्या रांगाच रांगा. आमच्या यायनं सोताच्या डोयानं पाह्यलं.”

आता खरं काय ते मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. नागोरावांनी त्यातलं काहीही पाहिलं नव्हतं. पाहुणे सकाळी फोटो काढायला बाहेर पडायचे, तेव्हा महाराज हॉटेलच्या मागच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत असायचे. बर्फाच्या डोंगरावर तर त्या कंपनीची एक प्रथा आहे. पाहुण्यांना वर बर्फात उभं करून पुरणपोळी खायला द्यायची आणि फोटो काढायचा. तोच फोटो पुढच्या वर्षीच्या जाहिरातीत. त्या पोळ्या नागोराव पहाटे उठून खाली करायचे. पोळ्या वर जायच्या, महाराज खालीच. फोटो ग्रुपवर आलेले असायचे, वर्णनं जेवताना कानावर पडलेली असायची. पहिल्यांदा मुक्ताईनं विचारलं, “काय पाह्यलं हो?” तेव्हा ‘काही नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही, आणि पुढं दरवर्षी तेच होत गेलं.

मुक्ताईला साखर होती. पथ्य करते म्हणायची आणि चोरून गूळ खायची. चार शब्द मी सुनावलेही, पण ऐकेल ती मुक्ताई कसली? शेवटी डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं. इंजेक्शनं झाली, लेसर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर टिकवू, पण भरवसा देत नाही. घरी येऊन ती रडली नाही की काही नाही. नागोरावांना म्हणाली, “दिसते तवर मले तो डोंगर दाखवा. तुमच्या संगं उभं राहून पाह्याचा हाय.”

एवढं एकच मागणं. नागोराव कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसले. आयुष्यात कुणापुढे तोंड न वेंगाडलेला माणूस! साहेबांनी वर्षानुवर्षांच्या नोकरीकडे बघून ग्रुपमधली एक सीट मुक्ताईला द्यायचं कबूल केलं, पण उन्हाळ्यातच. म्हणजे मधे अख्खी दिवाळी आणि संक्रांत. त्या दिवसांत मी तिला विचारायचे, “दिसतंय ना गं?” ती म्हणायची, “दिसते ना ताई. तुमचं नाक बी दिसते रागानं लाल झालेलं.” मी हसायचे. तिला माझा स्वभाव पाठ होता हो, नाक कशाला दिसायला पाहिजे?

मे महिन्यात ते दोघं निघाले. डोंगराच्या दिवशी नागोरावांनी पहाटे पुरणपोळ्या उरकल्या आणि पहिल्यांदाच ॲप्रन काढून ठेवला. आत भीती वेगळीच होती. तिला सगळं माहीत असलेली जागा आपल्याला माहीत नाही, हे तिला कळलं तर? त्यात टूर लीडर दिग्विजय येऊन म्हणाला, “काका, वर झिरो व्हिजिबिलिटी आहे. पण आपलं बुकिंग आजचंच, उद्या पॅरिस. कॅन्सल केलं तर लोक मला खातील.”

सगळे वर गेले. पाळण्यातून उतरून कठड्यापाशी आले, तर पुढं नुसतं पांढरं. ना तळं, ना गाडी, ना रांगा. ढग असा दाट, की शेजारचं माणूस धड दिसेना.  तिला आता काय सांगायचं, याचे शब्द नागोराव जुळवत होते, एवढ्यात मुक्ताईनं त्यांचा हात घट्ट धरला.

“अव माय माय! केवढं निळं तळं हो! अन् ते पाहा, लाल गाडी निघाली. तुमी सांगतलं तसंच हाय सारं.”

परत आल्यावर नागोराव मला हे सांगत होते तेव्हा माझ्या ओट्याशी उभे होते. म्हणाले, “वहिनी, हिले ढग बी दिसत नाही, हे मले तवा समजलं.”

तिकडे डोंगरावर तेवढ्यात मागून ग्रुपमधले कर्वेनगरचे एक काका करवादले, “कसलं तळं आणि कसलं काय! ढगच बघायचे होते तर सिंहगड काय वाईट होता? तिथे निदान भजी तरी मिळतात.” सगळे हसले. मुक्ताईनं नागोरावांचा हात सोडून कठडा धरला. मग तीही हसली. “त्या भाऊनं चष्मा पुसला नसंन,” म्हणाली. कुणीतरी हातात पुरणपोळी दिली, तीही तिनं खाल्ली. दिग्विजयनं दोघांचा फोटो काढला.

खाली येताना पाळण्यात नागोरावांनी विचारलं, “कवापासून?”

“दिवाळीपासून. उजेड-अंधार तेवढा समजते.”

“काहून नाही सांगतलं वं?”

“सांगतलं असतं तं तुमी आनलं असतं काय मले? इंजेक्शनाच्या मागं धावले असते.” नागोराव रडायला लागले, तर तिनं चाचपडत त्यांचे डोळे पुसले. “काहून रडता? मी पाह्यलं काय, अन् तुमी पाह्यलं काय? इतकी वर्सं माझ्या वाटचं बी तुमीच तं पाहून आले. ते मले पुरते.”

आता बोला! त्या माणसानं यावर काय म्हणावं? खरं सांगावं, तर तिच्याजवळ उरलं होतं तेवढंही हिसकावून घ्यायचं. न सांगावं, तर जन्मभर तोंडात ते घेऊन बसायचं. त्यांनी फक्त तिची शाल नीट केली.

“मी काय पाह्यलं वहिनी?” माझ्यापुढे म्हणाले. “पातेली पाह्यली. अन् हिले वाटते, का दोघांच्या वाटचं पाह्यलं मी.” एवढा उंचापुरा माणूस, पण पदरानं तोंड झाकून रडणाऱ्या बाईसारखा टॉवेलात तोंड खुपसून रडला. मला धीर द्यायला येत नाही. मी त्यांना चहा दिला, आणि त्यांची पाठ वळल्यावर मीही रडले. मला तिचा राग आला, त्यांचा आला, त्या ढगाचाही आला. एक दिवस, अहो, एकच दिवस आकाश मोकळं असतं, तर निदान त्यांनी तरी ते तळं पाहिलं असतं.

टूरची नोकरी त्यांनी सोडली. तिला एकटं कसं ठेवणार? आता ते माझ्याकडे पोळ्या लाटतात. म्हणजे तो डोंगर त्यांना या जन्मात काही दिसायचा नाही.

संध्याकाळी ते हात धरून मुक्ताईला खाली आणतात आणि माझ्या केंद्राच्या दाराशी खुर्चीवर बसवतात. डबा न्यायला आलेली पोरंपोरी तिच्याभोवती जमतात. हिंजवडीत नोकरी करणारी चैताली परवा म्हणाली, “मुक्ताकाकू, आम्ही नेक्स्ट इयर स्वित्झर्लंड प्लॅन करतोय, फोटोसाठी बेस्ट स्पॉट कुठला?” झालं! मुक्ताई खुलली. पाळणा कसा वर जातो, कठड्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, तळं कुठून निळं दिसतं, सगळं हातवारे करून सांगितलं. पोरगी फोनमध्ये टिपून घेत होती.

सांगून झाल्यावर मुक्ताईनं आत तोंड करून हाक मारली, “अहो, ती लाल गाडी तळ्याच्या कोन्या अंगानं जाते? मले आता नीट आठवत नाही. तुमीच सांगा तिले.”

नागोरावांच्या हातातलं लाटणं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “डाव्या अंगानं,” ते म्हणाले, आणि मी उगाचच मिक्सर सुरू केला.