आजऱ्याची दाढ

जिवंत माणसांच्या दातांपेक्षा मेलेल्यांच्या दातांवर अधिक जीव असलेला दंतवैद्य अख्ख्या कोल्हापुरात एकच, आणि ते माझे थोरले साडू आहेत. राजारामपुरीतल्या त्यांच्या खुर्चीत बसलं की ते आधी तोंड उघडायला लावतात आणि मग हजारो वर्षांपूर्वी माणसं कुठून कुठे चालत गेली, हे जुन्या दातांतल्या डीएनएवरून कसं कळतं, ते ऐकवतात. तोंड उघडं असल्यामुळे कुणाला हरकत घेता येत नाही. लग्नाच्या पंगतीतही शेजारच्याला ते हटकून मूळ गाव विचारतात. तो म्हणतो, "उत्तूर." "त्याच्या आधी?" "गडहिंग्लज." "आणि त्याच्या आधी?" तो वैतागून "आम्ही मूळचे हितलेच!" म्हणाला की साडू खूश. "मूळचं कोणच न्हाय, पावणं! सगळी चालतच आलीती की!"

गेल्या उन्हाळ्यात आजऱ्याकडच्या एका पेशंटचा फोन आला. विहीर खणताना मातीचा रांजण लागला होता. आत हाडं आणि दातांसकट जबडा! साडूंनी खुर्चीतल्या बाईंच्या दाढेत घाईघाईनं सिमेंट भरलं, दवाखान्याला कुलूप घातलं आणि मला गाडीत कोंबलं. पोचतो तर जबडा गर्दीत हातोहात फिरतोय. "ठेवा खाली! तुमचा डीएनए लागंल त्याला!" साडू गरजले. "आमाला कसलाबी रोग न्हाय, डॉक्टर," एक आजी दुखावून म्हणाल्या. साडूंनी जेसीबी थांबवला, सगळ्यांना मास्क वाटले, आणि स्वतःलाच शिंक येतेय असं वाटताच बांधापर्यंत पळत सुटले.

त्यांनी फोन करून बोलावलेले पुण्याचे संशोधक येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. जबडा नेताना शेतमालक हळूच म्हणाला, "आमच्यातलं कोण निघालं तर सांगा. निवद तरी दावीन म्हणतो."

पुढचे काही महिने साडूंचे पाय जमिनीवर नव्हते. "भावा, एका दाढंत अख्खी वाट हाय! कुठनं आलं, कुणात मिसळलं, समदं निघंल!"

निघालं काहीच नाही. आपल्याकडच्या उन्हापावसात डीएनए पार विरून गेला होता.

साडू खचले असतील म्हणून मी संध्याकाळी दवाखान्यात गेलो. ते मोबाइलवर जबड्याचा फोटो मोठा करून बघत होते.

"म्हणजे काहीच कळलं नाही?" मी विचारलं.

"कळलं की. ही उजवी दाढ बघ, केवढं भगदाड! आणि डाव्या समद्या झिजून सपाट. बिचारं एकाच अंगानं चावत हुतं." मग त्यांनी बोटाच्या टोकानं ते भगदाड झाकून पाहिलं.

"अर्ध्या तासाचं काम हुतं रे, भावा."