गोधडीखालचा मीटर

जळालेले रेझिस्टर आम्ही एका लोणच्याच्या बरणीत टाकतो. बरणी भरली की रिकामी करता येते. किस्से कुठं रिकामे करायचे? हिंगोलीत औंढा रोडला आमचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. मी आणि नसीरचाचा, दोघंच. वायरिंग चाचांचं, मीटर माझे. बाईमाणूस गाडीच्या डॅशबोर्डात डोकं घालून बसलेली पाहिली की रस्त्यावरचा माणूस उभा राहतो, आणि उभा राहिला की काहीतरी बोलतोच.

सुरुवात गोधडीपासून करते, कारण सगळी भांडणं तिच्यावरूनच झाली.

मीटरमधले जुने बल्ब काढून एलईडी टाकायची आता सगळ्यांना हौस आहे. एलईडी बॅटरीला सरळ जोडली तर जळते, म्हणून मधे रेझिस्टर लागतो. रेझिस्टर मोठा घेतला की उजेड कमी, लहान घेतला की जास्त. गिऱ्हाईक येतं भर उन्हात, आणि उन्हात कुठलाही मीटर मिणमिणताच दिसतो. पुसेगावचा एक जीपवाला असाच "अजून वाढवा, अजून वाढवा" करत बसला. मी सांगून थकले, शेवटी दिला वाढवून. आठवड्यानं आला तर मीटरवर टॉवेल! संध्याकाळ झाली की सगळा उजेड काचेवर यायचा, समोरचा रस्ता दिसेना. "मग स्पीड कसा बघतोस?" मी विचारलं.

"टावेल उचलून बघतो की."

त्या दिवशी मी घरून गोधडी आणली. नियम केला. मीटर जागेवर बसवायचा, त्याची वायर दाराच्या फटीतून बाहेर घ्यायची, गाडीवर गोधड्या टाकून आत पूर्ण अंधार करायचा. गिऱ्हाईक आत एकटं बसणार. मी बाहेर उभी राहून चिमट्यात एकेक रेझिस्टर लावणार आणि विचारणार, "आता?" आतून "बराबर" आलं की तोच रेझिस्टर पक्का. गोधडीशिवाय मीटर करून मिळणार नाही. ज्याला घाई आहे त्यानं दुसरं दुकान बघावं.

उन्हाळ्यात या नियमाचा एक तोटा कळला. आत इतकं उकडायचं की गिऱ्हाईक पहिल्याच रेझिस्टरला "बराबर, बराबर" म्हणून दार उघडायचं. तेव्हापासून उन्हाळ्यात मीटरचं काम सकाळी लवकर, गाडी लिंबाखाली लावून.

हट्टा गावचे एक गुरुजी आत बसले होते. मी विचारते, "आता?" उत्तर नाही. रेझिस्टर बदलला. "आता?" उत्तर नाही. चाचा घाबरले, गोधडी उचलली. गुरुजी स्टेअरिंगवर हात ठेवून गाढ झोपलेले. उठवलं तर म्हणाले, "शेवटचा व्हता तोच ठेवा, ताई. डोळ्याला लई निवांत वाटलं." तोच ठेवला. यापेक्षा चांगली परीक्षा कोणती?

आता चाचांचा किस्सा. चाचांना सांगूनच लिहिते आहे, नाहीतर चहा बंद होईल.

एका जुन्या गाडीच्या मीटरमध्ये त्यांनी हौसेनं सगळेच बल्ब काढून एलईडी टाकल्या, बॅटरीच्या लाल दिव्यासकट. मीटर झकास दिसायला लागला. पण गाडीची बॅटरी बसायला लागली. धक्का मारून गाडी चालू केली, बॅटरी चार्ज केली, पुन्हा बसली. चाचांनी बॅटरीला शिव्या दिल्या, बॅटरी विकणाऱ्याला दिल्या, गाडीच्या मालकालाही देणार होते. मग लक्षात आलं. त्या जुन्या गाड्यांत बॅटरीच्या दिव्यातूनच थोडा करंट डायनामोला जातो, आणि तेवढ्यावर तो चार्जिंग सुरू करतो. एलईडीच्या रेझिस्टरनं तो करंटच अडवला होता. आम्ही तिथं पुन्हा जुना बल्ब बसवला. चाचा म्हणाले, "उसकी सुबह की चाय बंद कर दी थी मैंने. उठता कैसे?"

एक नवरदेव आला होता. लग्नाच्या गाडीत सगळा मीटर निळा पाहिजे म्हणाला. करते म्हटलं. ऑइलचा दिवाही निळा पाहिजे म्हणाला. नाही म्हटलं. धोक्याचा दिवा लाल असतो, लालच राहील. तो चिडला. "गाडी माही हाय, तुमाला काय तकलीफ हाय?"

"गाडी तुझी आहे. हात माझा आहे."

तो दुसरीकडून निळा दिवा लावून आला आणि माझ्या दुकानासमोर मुद्दाम हॉर्न वाजवून गेला. त्याच्या इंजिनाला काही झालं नाही, संसारही छान चाललाय म्हणे. तरी माझ्या हातून तो दिवा निळा होणार नाही. त्याचं चांगलं चाललंय याचं मला वाईट वाटत नाही, उलट बरंच वाटतं.

आता बाबारावकाका. आमचा गाळा त्यांचा. माणूस वाईट नाही, पण लोक काय म्हणतील याची त्यांना सारखी काळजी. एक दिवस खुर्ची ओढून बसले आणि इकडंतिकडं बघत म्हणाले, "ताई, गाडी झाकून काय करून राहिलेत, असं लोकं इचारून राहिलेत."

मी म्हटलं, लोकांना आत बसवा, कळेल. त्यांना ते आवडलं नाही. बाईच्या दुकानात गडीमाणूस गोधडीखाली बसतो, हे शोभत नाही म्हणाले. पाडव्याला कराराची मुदत संपत होती. तोवर गोधडी बंद झाली तर गाळा पुढं चालू, नाहीतर रिकामा करा, असं सांगून गेले.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसरा गाळा मिळाला असता, पण याच रस्त्यावर लोक मला मीटरवाली म्हणून ओळखायला लागले होते, ते पुन्हा कुठून आणायचं? चाचा म्हणाले, मागच्या बाजूला पत्र्याचं शेड टाकू, गाड्या आत घेऊ, कुणाला दिसणार नाही. मी नाही म्हटलं. लपवण्यासारखं मी काही करत नव्हते. दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावून पाटी लिहून घेतली: 'येथे गाडीवर गोधडी टाकूनच मीटर बसवून मिळेल.' गोधडीही बदलली. आधी मळकट होती, आता लालपिवळी, ठिगळांची, रस्त्याच्या पलीकडून दिसेल अशी.

काकांनी पाटी वाचली. मला दाखवायला म्हणून स्वतःच्या गाडीचा मीटर नांदेडहून करून आणला. पांढराशुभ्र, चकचकीत. दुकानासमोर गाडी उभी करून चार माणसांना दाखवला. पण ती गाडी काका चालवत नाहीत. मुलगा पुण्याला गेल्यापासून गाडी त्यांच्या पत्नी शांताकाकू चालवतात, आणि शेतावरून परतायला त्यांना रोज दिवेलागण होते.

पाडवा तोंडावर आला होता. बाजाराचा दिवस होता, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या दुकानासमोर एक गाडी गोधडीखाली होती आणि मी दाराशी रेझिस्टर बदलत होते. तेवढ्यात काका पिशवी घेऊन आले. आधी गोधडी बघितली. मग खाली वाकून नंबर बघितला. गाडी त्यांचीच. पिशवी तिथंच ठेवून त्यांनी गोधडीचं टोक वर केलं आणि दार उघडलं. आवाज रस्त्याच्या पलीकडं गेला असेल.

"आत कोन हाय?"

"मी हाय," आतून शांताकाकू म्हणाल्या. "दार लावा, उजेड येऊन राहिला."

भाजीवाले, रिक्षावाले, सगळे बघत होते. काकांनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग त्यांनी दार लावलं. गोधडीचं टोक घसरत होतं, ते काचेवर दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मी पुढचा रेझिस्टर चिमट्यात लावला. विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकाच गोधडीला तोंड लावून म्हणाले, "आता कसं दिसून राहिलं वं?"