छत्रीच्या नाटकाला मामा हसला नाही

गाद्यांच्या कारखान्यात मामाचं काम एकच. तयार गादीवर आडवं व्हायचं, कूस बदलायची आणि निकाल द्यायचा. 'कुरकुरते' म्हणाला की गादी परत. मालकाने डोळे वटारले तरी मामाची पाठ खोटं बोलत नसे.

हसण्याचंही तसंच. आतून आलं तर रिकामं पिंप जिन्यावरून गडगडत यावं तसं यायचं. नाही आलं तर नाही. म्हणून विनोदी नाटकांच्या त्या महोत्सवात मामाला मोठा भाव. मोठ्या नाट्यगृहांनी दारात उभं न केलेल्यांचा तो महोत्सव. कुणी गॅरेजात, कुणी तळघरात. प्रेक्षकांत निम्मे नटांचे नातेवाईक, उरलेले पुढच्या नाटकाचे नट. हे दुसरे हसत नसत, हसलं की समोरचा पुढे जाईल म्हणून. पण मामाचं पिंप सुटलं की त्यांचाही बांध फुटे. त्यामुळे सगळे त्याला फुकट पहिल्या रांगेत बसवत.

यंदा धाकट्या बहिणीच्या मुलाचं नाटक होतं. पोराने नोकरी सोडून ते लिहिलं होतं आणि तेव्हापासून बापाने अबोला धरला होता. नाटक पडलं तर निमूटपणे बापाच्या टाइल्सच्या दुकानात बसायचं, असं आईमार्फत ठरलं होतं.

सकाळीच बहीण आली. "दादा, हसायचं हं."

"हसू आलं तर हसेन की."

"आलं तर? परक्यांच्या नाटकात लोळतोस, आणि भाच्याच्या वेळी तोंडाला कुलूप?"

"अगं, अजून बघितलंय कुठे मी?"

"बघायचंय कशाला? हसायचंय."

नाटक एका बंद पडलेल्या लाँड्रीत होतं. नायक छत्रीच्या प्रेमात पडतो आणि छत्री काही केल्या उघडत नाही. भाचा दर वाक्यानंतर थांबे, पाहुण्यांसाठी दार उघडं ठेवावं तसा. पाहुणे आले नाहीत. मामाने घसा साफ करून पाहिला. शेजारच्याने त्याला खोकल्याची गोळी दिली. मामा हसत नाही म्हणून कुणीच हसेना. खेळ संपल्यावर बहीण त्याच्याकडे न बघताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पेपरात समीक्षकाने लिहिलं : 'हशा नाकारणारा विनोद. प्रेक्षागृहातली भयाण शांतता हेच या नाटकातलं मुख्य पात्र.' संध्याकाळपर्यंत लाँड्रीबाहेर ही रांग!

बहिणीचा फोन आला. "दादा, ये. आणि कालच्यासारखाच बस. एक दात दिसता कामा नये."

मामा गेला. सगळे सुतकात बसल्यासारखे बसले होते. मागच्या रांगेत अबोला धरलेले मेहुणेही हाताची घडी घालून होते. भाचा गुडघ्यांवर बसला, छत्री छातीशी धरली आणि कळवळून म्हणाला, "ती माझ्यासाठी कधीच उघडणार नाही!"

फट्! छत्री उघडली.

भाचा छत्रीआड गडप झाला. प्रेक्षक ढिम्म. एका बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. समीक्षकाने गंभीरपणे मान डोलावली. ती मान पाहिली, आणि मामाचं पिंप सुटलं.

"शू! कळत नसेल तर घरी जा!" मागून कुणीतरी खेकसलं.

मामाने तोंडावर हात दाबला, तर हसू नाकातून येऊ लागलं. छत्री बाजूला करून भाचा पुढे आला. "मामा, बाहेर थांबतोस का?"

हेही नाटकातच आहे असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामा शटरखालून वाकून बाहेर पडला.

मागोमाग मेहुणे आले. तोंडात रुमाल कोंबलेला, चेहरा लालबुंद. भिंतीला टेकले आणि खाली घसरत पायरीवर बसले.

"ती... ती छत्री हो!" एवढंच त्यांना बोलता आलं. मग दोघे एकमेकांना धरून हसत राहिले.

खेळ संपला. भाचा चाहत्यांच्या घोळक्यातून बाहेर आला, मागे त्याची आई. मेहुण्यांनी डोळे पुसले, आणि इतक्या महिन्यांनी पोराच्या पाठीवर थाप मारली.

"तू दुकानात नको रे बाबा. टाइल्स फोडशील. हेच कर. काय हसवलंस!"

भाच्याचा चेहरा पडला. त्याने घोळक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"हळू बोला ना, बाबा. लोक ऐकतायत."