शेवंती खाली फुटली

श्रीरंजनीअक्का माझ्या घरमालकीण. चेन्नईजवळ तांबरमला त्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहते. त्यांचं घराणं तंजावरचं मराठी. बोलताना अर्ध्या वाक्यात तमिळ शिरतं. माझं कोल्हापुरी ऐकून त्या हसतात, त्यांचं ऐकून मी. त्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहेत आणि त्यांचे यजमान, राणोजी, लग्नाच्या रिसेप्शनला आभाळात शोभेचं दारूकाम उडवतात.

अक्का कधी दारूकाम बघायला मैदानावर जात नाहीत. मात्र ते जवळपास असलं की गच्चीवर कठडा धरून उभ्या राहतात. पहिल्यांदा मी सोबत गेले तेव्हा "कित्ती सुंदर!" म्हणत त्यांचा हात धरला. हात गार पडला होता.

"नुसते रंगीत ठिपके गोल पसरले, मागे शेपूट नाही, तो पिओनी," त्या आभाळावरची नजर न काढता म्हणाल्या. "ठिपक्यामागं ठिणग्यांची रेघ राहिली की शेवंती. मोजक्याच जाड रेघा, नारळाच्या झावळ्यांसारख्या, तो पाम. आणि सोनेरी रेघा विझत विझत खाली लोंबल्या की विलो."

"एवढं कशाला लक्षात ठेवायचं, अक्का?"

"आमचे हे निघताना मला क्रम सांगून जातात. पुढं काय यायचं ते ठाऊक असलं, तर ते आलं की श्वास सोडता येतो."

यंदाच्या तै या तमिळ महिन्यात, लग्नाच्या मोसमात, रुळांपलीकडच्या मैदानावर एका रिसेप्शनला राणोजींचं दारूकाम होतं. संध्याकाळी आम्ही गच्चीवर गेलो. लाल पिओनी आला, मग पाम. मग धप् आवाज झाला, पण वर काहीच चढलं नाही. पुढच्याच क्षणी नारळांच्या मागं शेवंती फुटली. इतकी खाली, की वरचा अर्धाच भाग दिसला. बाकीच्या ठिणग्या जमिनीवर गेल्या असणार. आणि सगळं थांबलं.

"आता विलो यायचा," अक्का म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "विलो का येईना गं, अदिती?"

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. त्यांना बटण सापडेना, तेव्हा तिसऱ्यांदा मीच लावला.

मी स्कूटर काढली. अक्का मागं बसल्या, माझा कुर्ता मुठीत आवळून. "मुरुगा, मुरुगा" एवढंच देवाचं नाव पुटपुटत होत्या. पुलावर गाड्या तुंबलेल्या. समोरून रेशमी साड्यांतली मंडळी परतत होती. एकानं सांगितलं, एक बार खालीच फुटला, म्हणून बंद केलं.

"आळुक्कु एन्न आच्चु?" उडवणाऱ्या माणसाचं काय झालं, अक्कांनी विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं.

मैदानावर धूर होता. वाळूच्या पोत्यांपाशी बार उडवायची एक नळी आडवी पडलेली. पाण्याच्या टँकरमागं राणोजी उपड्या बादलीवर बसले होते, तोंड काळं, मान खाली.

"अहो!" अक्कांनी हाक मारली. ते हलले नाहीत. "अहो!" पुन्हा. काहीच नाही.

अक्का जागीच थबकल्या. पाऊल पुढं पडेना. "तू जा," मला म्हणाल्या. "तूच बघ. मला नाही बघवत."

मी जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी दचकून वर पाहिलं.

"कानात नुसती शिट्टी वाजतेय!" ते मोठ्यानं ओरडले. "फोन कुठं पडला कोण जाणे. ती आलीय का?"

तेव्हा कुठं अक्का पुढं आल्या. त्यांनी नवऱ्याचे दोन्ही हात उचलले आणि एकेक बोट चाचपून पाहिलं. एका मनगटाच्या वर कातडी भाजली होती, बोटं शाबूत होती. मग तिथंच चिखलात बसल्या.

हात महिन्याभरात बरा झाला. डाव्या कानाला मात्र कमीच ऐकू येतं. "सोडा हे काम," अक्कांनी एकदाच म्हटलं. "दुसरं मला येतं काय?" राणोजी म्हणाले. आता ते लांब भिंतीआड उभे राहून विजेच्या तारेवरून बार पेटवतात. अक्कांची भीती त्यानं कमी झालेली नाही.

परवा पल्लावरमच्या बाजूला कुणाचं तरी दारूकाम चाललं होतं. राणोजी घरातच जेवत होते. तरी अक्का ताट वाढता वाढता उठल्या.

"तिथंही कुणी नळ्यांपाशी उभं असेल," म्हणाल्या, आणि गच्चीवर गेल्या.