रांगेत साठवलेले दिवस

आनेली रॉनक्विस्टचं नाव कुठल्याच दारावर टिकत नव्हतं. अकरा वर्षांत सहा घरं, सहाही पोटभाड्याची. दारावर मूळ भाडेकरूचं नाव पक्क्या पाटीवर आणि खाली हिचं, कागदावर लिहून चिकटपट्टीने लावलेलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाच्या मागे शाळेत जाणारी मुलगी नसते. "या वेळी मी खोकी उघडणारच नाही," असं तेरा वर्षांच्या तुवाने या घरात शिरतानाच बजावलं होतं आणि बया शब्दाची पक्की निघाली. आता मूळ भाडेकरू परत येत होता. महिनाअखेर घर सोडायचं होतं.

स्टॉकहोमच्या त्या उपनगरात घर मिळतं ते रांगेतून. एकदा नाव नोंदवलं की रोजचा एक दिवस जमा होत राहतो. ज्याचे दिवस जास्त, त्याला घर. घर घेतलं की दिवस शून्य. म्हणून तिथली माणसं दिवस जिवापाड जपतात. आनेलीनेही रांगेतल्या नवव्या वर्षी चालून आलेलं तळमजल्यावरचं घर नाकारलं होतं, कारण भिंतीपलीकडे इमारतीची कपडे धुण्याची खोली होती. "असल्या घरासाठी नऊ वर्षं कोण उधळतं?" असं ती तेव्हा ऐटीत म्हणाली होती. आता सोळा वर्षं जमली होती आणि ते वाक्य आठवलं की तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटे.

मंगळवारी दोन खोल्यांचं एक घर दाखवणार होते. सातजणांना बोलावणं होतं, आनेली दुसरी. पहिला होता राग्नवाल्ड ओस्ट, वय अठ्ठ्याहत्तर, रांगेत चौतीस वर्षं. त्याला सगळे ओळखत. निवृत्तीनंतर लोक मासे पकडायला जातात, हा घरं बघायला जाई. नळ सोडून बघे, ओव्हनमध्ये डोकावे आणि दर वेळी नाही म्हणे. म्हणजे दुसरी असलेली आनेली पहिलीच! स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुवाची शाळा दिसत होती. टेबल कुठे ठेवायचं हेसुद्धा तिने मनात ठरवून टाकलं.

घर बघून झाल्यावर जिन्यात सगळे बुटांवरची प्लास्टिकची वेष्टनं काढत होते. तिथे अनोळखी माणसाशी जिन्यात कोणी बोलत नाही. आनेलीनेही फक्त गप्प राहायचं होतं. पण तिला राहवलं नाही.

"तुम्ही नाहीच म्हणणार ना?"

"बघू," राग्नवाल्ड म्हणाला. "चौतीस वर्षं आहेत, बाई. अशी कशावरही उधळत नाहीत."

स्वतःचंच वाक्य त्याच्या तोंडून ऐकलं आणि तिचा तोल गेला.

"तुम्हाला राहायला घर आहे ना, आजोबा?"

"आहे की. चौथा मजला, लिफ्ट नाही."

"मग हे दिवस काय थडग्यात नेणार आहात? माझी पोर खोक्यांत राहतेय आणि तुम्ही नळ सोडून बघत हिंडताय!"

बाकीचे पाचजण आपापले बूट न्याहाळू लागले. राग्नवाल्डने वेष्टनांची नीट घडी करून खिशात टाकली आणि तो निघून गेला.

शुक्रवारी कळलं की घर दुसऱ्याला गेलं. शनिवारी दुकानाबाहेर राग्नवाल्डच समोर आला, हातात दालचिनीच्या गोड पावांची पिशवी.

"बाई, तुमचं बोलणं डोक्यातून जाईना. खरंच की, थडग्यात थोडेच न्यायचेत! घेऊन टाकलं मी ते घर. गुडघे सुटले बघा जिन्यातून."

"आणि तुमचं जुनं घर?"

"तीन महिन्यांनी येईल रांगेत." त्याने पिशवी तिच्या हातात कोंबली. "हे तुमच्यासाठी. आता माझे दिवस शून्य! पुढच्या वेळी तुम्हीच पहिल्या."

त्याच्या गुडघ्यांवर चिडताही येईना. चीड होती ती स्वतःच्या जिभेची.

घरी तुवाने पाव खाता खाता विचारलं, "कोणी दिले?"

"ज्याला मी आपलं घर दिलं, त्याने."

हात पुसून तुवा दाराशी गेली आणि नावाचा कागद सावकाश सोडवू लागली, चिकटपट्टी फाटणार नाही अशा बेताने.