धाकट्या मामंजींचं नाक

देवाने बाकीच्यांना नाक दिलं ते श्वास घ्यायला. माझ्या धाकट्या मामंजींना ते दिलं होतं सांभाळायला. धाकटे मामंजी म्हणजे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. लग्न होऊन मी वालूरला आले तेव्हा त्यांनी साठी गाठली होती, आणि गेली चाळीस वर्षं त्यांना एकच पडसं होतं. लोकांना पडसं होतं आणि जातं. मामंजींचं पडसं घरातल्या माणसासारखं होतं. सकाळी त्यांच्याबरोबर उठायचं, शेतात जायचं, जेवायला बसायचं. उन्हाळ्यात थोडं नरम पडे, पण ज्वारीचं खळं सुरू झालं आणि कणसांचा भुसा उडू लागला, की ते अशी उसळी घेई की मामंजींच्या शिंका शिवारापलीकडे ऐकू जात. एक कधीच नाही. नऊ, अकरा, तेरा. मोजायला पोरं कुंपणावर बसत.

शिंक म्हणजे अपशकुन, त्यामुळे गावाने मामंजींशी एक करारच करून टाकला होता. कुणी चांगल्या कामाला बाहेर पडत असेल तर मामंजींनी घराच्या मागच्या दाराशी जाऊन बसायचं. एकदा परगावचे पाहुणे आमच्या नणंदेला पाहायला आले, सुपारी फोडायची वेळ झाली आणि मामंजी शिंकले. पाहुणे टोप्या सावरून उठलेच. मामंजी शांतपणे म्हणाले, "बसा, बसा. आमची शिंक शकुनात धरत न्हाईत. गावाला इचारा." गावाने एका सुरात होकार दिला आणि लग्न जमलं. नाक पुरतं बंद झालं की त्यांच्या बोलण्यात 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' होई. पडसं जोरात असलं की ते आपल्या मामाची आठवण सांगू लागत, आणि "बाझे बाबा फार तापट होते" असं ऐकून नवख्या माणसाला ते वडिलांविषयी बोलतायत असं वाटे. धाकट्या सासूबाई आतून ओरडून सांगत, "मामा! मामा म्हनायलेत ते!"

अशा या नाकाकडे एका हिवाळ्यात औषधाची एक नळी आली. मामंजींचे जावई सिकंदराबादला रेल्वेत नोकरीला होते. त्यांनी ती तिकडच्या एका इंग्रजी औषधांच्या दुकानातून आणली होती. बोटाएवढी, चकचकीत, वर फिरकीचं झाकण. झाकण काढायचं, टोक नाकपुडीशी धरायचं आणि श्वास ओढायचा. जावई म्हणाले, "दिवसातनं दोन-तीनदा, मामा. तेही चार-पाच दिवस. सोबत कागद आहे, त्यात सगळं लिहिलंय." मामंजींनी त्यातलं काही ऐकलं नाही, कारण तोवर त्यांनी पहिला श्वास ओढला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दोन्ही नाकपुड्यांतून वारा गेला. ते ओसरीवर उभेच राहिले. डोळ्यांत पाणी आलं. मग एकेक शब्द चाखत म्हणाले, "मामा. नाना. माणिक." सगळे 'म' आणि 'न' जागच्या जागी होते. धाकट्या सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

नळीबरोबरचा कागद गुळगुळीत, बारीक इंग्रजी अक्षरांचा होता. गावात इंग्रजी कुणाला येत नव्हतं. शाळेतले मुन्शी उर्दू वाचत, त्यांनी कागद उलटासुलटा करून परत दिला. मामंजींनी तो खळीने ओसरीच्या भिंतीवर डकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले.

मामंजींचा स्वभाव एकट्याने काही भोगण्याचा नव्हता. पानसुपारी झाली की नळी फिरू लागली. "घ्या, लाजू नका. अशी डाव्या बाजूनं, आता उजव्या बाजूनं." एकाच्या नाकातून दुसऱ्याच्या नाकात जाताना ती धोतराच्या सोग्याला पुसली जाई, एवढीच काय ती स्वच्छता. पंधरा दिवसांत मामंजींचं पडसं सगळ्या आळीला झालं आणि त्यामुळे नळीची गरजही सगळ्या आळीला पडली. मामंजींना ही नळीची कीर्ती वाटली.

त्यांचं स्वतःचं म्हणाल तर पहिले तीन दिवस सुखात गेले. मग नळी ओढल्यावर नाक तासभर मोकळं राही, पुढे अर्धा तास, पुढे पानाचा विडा संपेपर्यंत. आणि बंद झालं की पूर्वीपेक्षा घट्ट बंद होई. मामंजी कंबरेच्या चंचीत नळी ठेवून दिवसातून तीस-तीस वेळा ओढू लागले. त्यांची झोप उडाली, भाकरी अर्ध्यावर आली, आणि अंगात कुठून कोण जाणे चाबकासारखा जोर आला. साठीचा माणूस विहिरीतला गाळ काढायला उतरला. चऱ्हाटं वळून वळून घरात ढीग लागला. तेवढी बांधायला आमच्याकडे बैल नव्हते. बोलणं तर थांबेचना. सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, पडसंवाला मानूस बरा होता गं. ह्यो कोन हाय, मला वळखू येईना."

मामंजींचे एक जिवलग होते, सखोबा. मेंढरं राखायचे. पीक निघालं की त्यांचा कळप खतासाठी आमच्या रानात बसायचा, आणि दोघे बांधावर बसून तासन्‌तास गप्प राहायचे. सखोबांची छाती नाजूक होती. ओढ्याचा चढ चढला तरी हात छातीवर जाई. एके दिवशी सकाळी ते घोंगडीत गुरफटून, नाक ओढत ओसरीवर आले. मामंजींना केवढा आनंद झाला! "सख्या, आजवर तुला कसं दिलं न्हाई रं?" म्हणत त्यांनी नळी सखोबांच्या नाकाला लावली. एकदा, दोनदा. "लांब ओढ. अजून लांब." सखोबा मित्राच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. सहा-सात वेळा ओढली.

मी चहाचे पेले घेऊन बाहेर आले तेव्हा सखोबा भिंतीला टेकले होते. कपाळावर घाम होता. "पाटील," ते हळूच म्हणाले, "छातीत घोडं धावायलंय."

आमच्या ह्यांना हाक मारून मामंजींनी गाडी जुंपायला लावली, गाडीत कडबा पसरला आणि सखोबांचं डोकं मांडीवर घेऊन सेलूच्या वाटेला लागले. पुढचं आमच्या ह्यांनी मला सांगितलं. सगळी वाट मामंजी एक हात सखोबांच्या छातीवर ठेवून होते. नळी चंचीत होती, पण तिला त्यांनी हात लावला नाही. अर्ध्या वाटेत नाक पुरतं बंद झालं. तोंडाने श्वास घेत ते म्हणाले, "सख्या, बी तुला बारलं रे." त्या 'ब'ला गाडीत कुणी हसलं नाही. सखोबाच उलट म्हणाले, "आसं म्हनू नका. तुमी चांगल्यासाठीच दिलं."

सेलूच्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टर होते, दखनी बोलणारे. त्यांनी सखोबांना निजवलं, नाडी धरली, पाणी पाजलं आणि नळी हातात घेऊन विचारलं, "इसके साथ का कागज कहाँ है?"

"भिंतीवर डकवलाय, साहेब," मामंजी नाक शिंकरून म्हणाले.

"पढ़ा था?"

"सनद हाय ती, साहेब. सनद कोन वाचतंय? दाखवायची असती."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग रागावण्याऐवजी खाट ओढून मामंजींसमोर बसले. "बाबा, दवा बुरी नहीं है. मगर दवा है, पान-सुपारी नहीं." आणि बोटं मोजत त्यांनी सांगितलं: ही चार-पाच दिवसांची सोबतीण आहे, घरात नांदवायची नाही, जास्त ओढली की नाकच तिच्यावाचून उघडायचं विसरतं. एकाची नळी दुसऱ्याच्या नाकाला लावायची नाही. ज्याची छाती धडधडते, त्याला वैद्याला विचारल्याशिवाय द्यायची नाही, आणि लेकरांना तर नाहीच. मामंजी शाळेतल्या मुलासारखे मान हलवत होते. दुपार कलताना सखोबांची नाडी जागेवर आली. त्यांनी डोळे उघडून पहिला प्रश्न विचारला, "मेंढरं कोनाकडं हायेत?" तेव्हा मामंजी दवाखान्याबाहेर जाऊन बैलाच्या पाठीवर डोकं टेकवून रडले.

नळी त्यांनी डॉक्टरांच्याच टेबलावर ठेवली होती. नंतर कळलं की तसल्या नळ्यांत त्या काळी झोप उडवणारं, काळीज पळवणारं औषध असे, आणि पुढे ते घालणं बंद झालं. पण सोडणं सोपं नव्हतं. आठ-दहा दिवस नाक असं मिटलं की मामंजींना घास गिळायचा की श्वास घ्यायचा ते ठरवावं लागे. दिवसा बसल्याजागी पेंगत, चिडत. सासूबाई मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायला लावत, गरम पाण्याची वाफ देत. सखोबा रोज येऊन समोर बसायचे, काही न बोलता. तेराव्या-चौदाव्या दिवशी मामंजी अचानक हुंगल्यासारखं करून म्हणाले, "सख्या, तुज्या घोंगडीला लय वास मारायलाय."

"चाळीस साल झालं मारायलाय," सखोबा म्हणाले.

पडसं पुढेही होतंच, पण आता ते येई आणि जाई. मधले दिवस मोकळे असत. मामंजींना वासांची नवी ओळख झाली होती आणि ती अगदीच कच्ची होती. दुपारी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन खाकरत. मी पदर सावरी. "सूनबाई, आज मेथी हाय वाटतं?" चुलीवर असे वरण. पण त्यांच्या आवाजात असा भरवसा असे की नाही म्हणवत नसे. "हो, मामंजी," असं म्हणून मी मागच्या दाराने परसात जाई, मेथी खुडून आणी आणि फोडणीला टाकी. कधी कारळाची चटणी, कधी वांगं. ते म्हणत ते मी करी, आणि जेवताना ते सासूबाईंकडे विजयी मुद्रेने पाहत. सासूबाईंना सगळं ठाऊक होतं. त्या खाली मान घालून भाकरी मोडत.

असे दोन हिवाळे गेले. तिसरा सुरू व्हायच्या आत मामंजी गेले, दुपारी झोपेत, शांत श्वास घेता घेताच. आता माझंच वय त्यांच्या पुढे गेलं आहे. घरात सुना आहेत, भाजी बाजारातून येते. तरी कधी स्वयंपाकघरात एकटी असले आणि काय करावं सुचत नसलं, की मी उंबऱ्याकडे पाहते. थोडा वेळ थांबते. कुणी सांगत नाही, मग वरणच लावते.