नऊ इंची दार

पहाटे पावणेपाचला त्याचा दिवस सुरू व्हायचा. गजर लावत नसे. आम्ही सातला कामावर पोचायचो तेव्हा त्याची वाळू दोनदा चाळून झालेली असायची. साइटवर सगळे त्याला ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून सोडतात, तो ओळंबा. तो आधी स्वतःच्या भिंतीला लावायचा, मग न विचारता आमच्या भिंतींना. बावीस वर्षं मी त्याच्या शेजारी थापी चालवली. स्वतःचं काम त्याला एकदाही पाडावं लागलं नव्हतं. "पाडायचं होतं तर बांधलं कशाला?" असं तो म्हणायचा, आणि बहुतेक वेळा माझ्याकडे बघून.

सिमेंट गवंड्याचे हात खातं. बोटं फुटतात, नखांच्या कडेला भेगा पडतात. ओळंब्याला एकच मुलगी, आठ वर्षांची. संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर तो सायकलची घंटी दोनदा वाजवायचा, की ती तेलाची वाटी घेऊन पायरीवर येऊन बसायची. एकेक बोट धरून चोळायची, काडीने नखांतलं सिमेंट काढायची. माझं घर तिथून दोन गल्ल्या पुढे, त्यामुळे मी हे रोज बघत जायचो. मला दोन मुलगे. माझे हात कुणी असे धरले नाहीत. खोटं कशाला बोलू, त्या वाटीचा मला हेवा वाटायचा.

मग समोरच्या शिंप्याने कुत्री पाळली. पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून शिंप्याकडे. घंटी वाजली तरी हाक मारून बोलवावं लागे. तेल लावायची, पण लक्ष रस्त्यापलीकडे.

"शिंप्याकडे काय सोनं लागलंय?" त्याने मला सायकल चालवता चालवता विचारलं.

"कुत्री आहे."

"कुत्र्याला काय अक्कल लागते पाळायला? आपणही आणू."

लाकडाच्या वखारीच्या राखणदाराकडे पिल्लं होती. एका पिल्लाच्या बदल्यात ओळंब्याने रविवारी त्याच्या खोलीच्या भिंतीला गिलावा करून दिला. सकाळी सात ते संध्याकाळी पाच. राखणदार म्हणाला, "अर्धीच कर, पिल्लू काय विकत थोडंच देतोय." याने पूर्ण केली, आणि पिल्लू सदऱ्यात घालून घरी आणलं.

पोरीने त्याचं नाव ठेवलं साहेब.

"दिवसभर साइटवर साहेब, आता घरातही साहेब," ओळंबा म्हणाला. तो हसला नाही, त्याची बायको मात्र पोट धरून हसली.

पोरगी घरी राहू लागली, ही गोष्ट खरी. पण साहेब तिच्या मांडीवर, साहेब तिच्या अंथरुणात, साहेबाचं नाक पुसायला बापाचा पंचा. एक दिवस घंटी वाजवून हा पायरीवर येऊन बसला, तर वाटी नाही. आत बघतो तर पोरगी साहेबाच्या पंजांना तेल लावतेय. एकेक बोट धरून.

"ते माझं तेल आहे," तो म्हणाला.

"त्याचे पाय फुटलेत हो, बाबा."

"आणि माझे हात?"

"अहो, कुत्र्याशी काय बरोबरी करताय?" बायको चुलीजवळून म्हणाली.

"बरोबरी कोण करतंय? तेल कुणाचं, एवढंच सांगितलं."

दुसऱ्या दिवशी कामावर त्याने हे मला सगळं सांगितलं. वर म्हणाला, "अंगणात त्याचं वेगळं घर बांधतो. ज्याने त्याने आपापल्या जागी झोपावं."

मला आतून जरा बरं वाटलं. आता दोघांचेही हात कोरडे.

त्याने टेप लावून पिल्लू मोजलं. उंची, लांबी, खांद्यांची रुंदी. चार इंची भिंती, वर लादी, पुढे नऊ इंची दार. थंडी आत शिरू नये म्हणून दार मापात बेताचं ठेवलं. आतून बाहेरून गिलावा, ओळंबा लावून. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. इतकं चोख काम आम्ही मालकांच्या बंगल्यांनाही केलं नव्हतं. मी म्हणालो, "अरे, पिल्लू आहे ते. वाढेल."

"बसतंय की आरामात."

त्याची चूक मला तेव्हा कळली होती, पण मी पुन्हा बोललो नाही. आमच्या धंद्यात मोजलेली वस्तू वाढत नाही. दहा फुटांची भिंत उद्याही दहाच फूट असते. बावीस वर्षांत त्याने वाढणारं काही मोजलंच नव्हतं.

तीन महिन्यांत साहेब सरपटत आत जाऊ लागला. एका संध्याकाळी आम्ही दोघे कोपऱ्यावर आलो, त्याने घंटी वाजवली आणि अंगणातून केकाटणं ऐकू आलं. साहेबाचं डोकं आणि एक पाय दाराबाहेर, दुसरा पाय छातीखाली दुमडलेला. पुढे येईना, मागे जाईना. पोरीने वाटीतलं जवळजवळ सगळं तेल त्याच्या खांद्यांवर ओतलं होतं.

"बाबा, काढा ना त्याला."

ओळंब्याने मागे रेटून पाहिलं. साहेब किंचाळला. मग तो दाराकडे बघत उभा राहिला. मला वाटतं, मिनिटभर तरी. मी म्हणालो, "मी फोडू का?"

"माझं काम मी फोडीन."

छिन्नी आणि हातोडा घेऊन तो गुडघ्यांवर बसला. गिलावा इतका पक्का होता की छिन्नी उडत होती. डावा हात त्याने साहेबाची मान आणि छिन्नी यांच्यामध्ये घातला, म्हणजे घसरली तर त्याच्याच हातावर. दोनदा घसरली. त्याने शिवी दिली नाही. पोरगी साहेबाचं डोकं धरून बसली होती.

"आज त्याने घाई केली," ती म्हणाली. "एरवी नीट येतो."

"कसली घाई?"

"तुमची घंटी. ती वाजायच्या आधीच त्याला सायकल ऐकू येते. मग तो मला बोलवायला येतो."

ओळंब्याने छिन्नी पुन्हा टेकवली. तिसरी वीट सुटायला अर्धा तास लागला. साहेब बाहेर आला, अंग झाडलं, सगळ्यांच्या अंगावर तेल उडवलं आणि सरळ जाऊन सायकलीपाशी बसला.

"माझ्या सायकलीशी काय काम आहे त्याचं?" ओळंबा म्हणाला. हाताला रक्त होतं. पोरीने वाटी उचलली, तळाशी बोटभर तेल उरलं होतं. आधी कुणाला, असं तिने विचारलं नाही. त्याचा हात ओढून घेतला. मी घरी निघालो. जास्त वेळ बघवलं नसतं.

त्या शनिवारी आठवड्याची मजुरी हातात पडली. मी त्याच्याबरोबर दुकानात गेलो. त्याने तेलाच्या दोन बाटल्या घेतल्या आणि एक नवी वाटी. तिथेच पायरीवर बसून खिशातल्या खिळ्याने वाटीवर 'बाबा' असं कोरलं. मी म्हणालो, "कुत्र्याला वाचता येत नाही."

"पोरीला येतं," तो म्हणाला, आणि वाटी सदऱ्यात घातली.